डोंगरावरच सरळ दिसणारे इंजिन

ब्रिएन्झ रोटहॉर्न या स्विस डोंगरी रेल्वेचे जुने वाफेचे इंजिन सपाट रुळावर उभे असले, की प्रथमच पाहणाऱ्याला ते कुठेतरी आपटून वाकले असावे असे वाटते. त्याचा बॉयलर धुराड्याच्या बाजूला खाली झुकलेला असतो आणि सारे इंजिन नाक जमिनीला टेकवायला निघाल्यासारखे दिसते. तेच इंजिन चढाला लागले, की चाकांखालचे रूळ वर उचलले जातात आणि बॉयलर मात्र क्षितिजाला समांतर येतो. ही रचना शोभेसाठी नाही. बॉयलरमधल्या भट्टीच्या छतावर पाण्याचा थर सतत असावा लागतो. तो थर सरकला आणि लोखंडी छत उघडे पडले, तर आगीने ते मऊ होऊन वाफेच्या दाबाखाली फुटू शकते. दर चार मीटरला एक मीटर चढणाऱ्या मार्गावर नेहमीसारखा आडवा बॉयलर ठेवला, तर पाणी एका टोकाला जाऊन साचेल. म्हणून इंजिन बांधणाऱ्यांनी डोंगराचा चढ मोजला आणि तेवढाच कल बॉयलरला उलट दिशेने दिला. संग्रहालयाच्या सपाट फरशीवर असे इंजिन ठेवले, तर त्याच्यातली सर्वांत शहाणी गोष्ट तिथे व्यंग म्हणून दिसते.

अशी शंभर-सव्वाशे वर्षांची इंजिने अजून चालवावीत की सन्मानाने उभी करून ठेवावीत, हा प्रश्न जगातल्या बहुतेक दातेरी रेल्वेंपुढे, म्हणजे दात्यांच्या रुळाला धरून डोंगर चढणाऱ्या रेल्वेंपुढे, कधी ना कधी आला आहे. सुटे भाग बाजारात मिळत नाहीत, ते घडवावे लागतात. बॉयलर सांभाळणारी माणसे निवृत्त होत आहेत. कोळशाच्या धुराला लोकांची रास्त हरकत आहे. आणि शेजारच्याच रुळावर डिझेलचे किंवा विजेचे इंजिन तेच काम कमी माणसांत, कमी वेळात करून दाखवते. अशा वेळी दोन टोकांची मते ऐकू येतात. एक पक्ष म्हणतो, जुन्या यंत्राचा प्रत्येक फेरा म्हणजे त्याच्या मूळ धातूची झीज आहे, म्हणून ते थांबवा आणि जपा. दुसरा म्हणतो, प्रवाशांना शिखर पाहायचे असते, त्यांना तिथवर कोण नेते याला महत्त्व नाही. माझे मत या दोन्हींहून वेगळे आहे. ही इंजिने आपापल्या डोंगरावर, नेमाने आणि मोजक्या फेऱ्यांत चालत राहिली पाहिजेत. त्यासाठी त्यांचे भाग बदलावे लागले, इंधन बदलावे लागले, तरी ते बदल मोकळ्या मनाने स्वीकारले पाहिजेत. मात्र जिथे नेमाने चालवण्याची व्यवस्था उरलेली नाही, तिथे केवळ उत्सवापुरते इंजिन बाहेर काढणे हे या तिन्ही मार्गांहून वाईट, असेही मला ठामपणे वाटते.

कारण या यंत्राचे खरे ज्ञान चढावर नाही, उतारावर आहे. चढताना जे घडते ते कोणालाही समजते: दोन रुळांच्या मधोमध दात्यांचा तिसरा रूळ बसवलेला असतो, इंजिनाखालचे दातेरी चाक त्यात गुंतते आणि घसरण्याची भीती न राहता गाडी एकेक दाता चढत जाते. इंजिन नेहमी उताराच्या बाजूला असते. ते डबे ओढत नाही, खालून ढकलते, म्हणजे काही तुटले तरी डबे इंजिनावर टेकलेले राहतात. परतताना तेच इंजिन डब्यांच्या पुढे राहून सगळ्या गाडीचा भार अंगावर घेत खाली येते. हा भार केवळ ब्रेकच्या ठोकळ्यांवर सोपवला, तर ते तापून निकामी होतील. म्हणून दातेरी रेल्वेचे स्विस अभियंते नीकलाउस रिगेनबाख यांच्या काळापासून एक वेगळी युक्ती वापरली जाते. उतरताना सिलिंडरांना वाफ देत नाहीत. उलट दट्ट्यांकडून बाहेरची स्वच्छ हवा ओढून घेऊन ती दाबवली जाते आणि एका झडपेतून हळूहळू सोडली जाते. दाबल्या जाणाऱ्या हवेचा विरोध हाच ब्रेक होतो. हवा दाबली की तापते, म्हणून सिलिंडरांत थोडे थोडे पाणी सोडतात आणि ते वाफ होऊन निघून जाते. झडप किती उघडावी, पाणी किती सोडावे, डब्यांत माणसे किती आहेत, रूळ ओला आहे की कोरडा, यांचा मेळ चालकाच्या हाताला घालावा लागतो. ही गोष्ट मी इथे चार वाक्यांत लिहिली, पण चार वाक्ये वाचून कोणी गाडी खाली आणू शकणार नाही. ती कला ज्याच्याजवळ आहे त्याच्या शेजारी अनेक महिने उभे राहूनच शिकावी लागते, आणि त्यासाठी इंजिन चालत असावे लागते.

निलगिरी डोंगरी रेल्वेवर हीच गोष्ट आणखी स्पष्टपणे पाहता येते. मेट्टुपाळयम ते कुन्नूर हा मार्ग १८९९ मध्ये सुरू झाला आणि १९०८ मध्ये तो उदगमंडलमपर्यंत, म्हणजे उटीपर्यंत पोहोचला. सुमारे ४६ किलोमीटरच्या या मीटर गेज मार्गावर गाडी ३२६ मीटर उंचीवरून २,२०३ मीटरपर्यंत चढते. त्यातला कल्लार ते कुन्नूर हा तुकडा दातेरी रुळांचा आहे आणि तिथे चढ दर बारा मीटरला एक मीटर इतका आहे. या मार्गासाठी स्वित्झर्लंडमधल्या विंटरथुरच्या कारखान्यात बांधलेल्या एक्स वर्गाच्या इंजिनांना सिलिंडरांच्या दोन जोड्या आहेत. खालची जोडी साधी चाके फिरवते, वरची दातेरी चाके. सपाटीवर वाफ फक्त खालच्या जोडीत काम करते. दातेरी रूळ सुरू झाला, की खालच्या जोडीतून बाहेर पडणारी वाफ वाया न घालवता वरच्या जोडीत नेली जाते आणि तीच वाफ दुसऱ्यांदा राबते. म्हणजे कल्लारपर्यंत स्वस्थ असलेला वरच्या सिलिंडरांचा दांडा तिथून पुढे हलू लागतो. इंजिन उभे करून ठेवले, तर हा दांडा कशासाठी आहे हे फलक लिहून सांगावे लागेल. चालत्या गाडीच्या शेजारी उभ्या असलेल्या शाळकरी मुलालाही ते डोळ्यांनी कळते. शिवाय या गाडीच्या प्रत्येक डब्यावर ब्रेक सांभाळणारा माणूस असतो आणि इंजिनाच्या शिट्टीच्या इशाऱ्यावर तो काम करतो. युनेस्कोने २००५ मध्ये ही रेल्वे आधीच यादीत असलेल्या दार्जिलिंगच्या रेल्वेच्या जोडीला जागतिक वारशाच्या यादीत घेतली, तेव्हा त्या वारशात रूळ आणि पूल जेवढे आले तेवढीच ही माणसांची साखळीही आली, असे मी मानतो. रूळ आणि पूल कागदावर नोंदवता येतात. साखळीतली एक कडी निवृत्त होऊन गेली आणि तिच्या जागी दुसरी घडवलेली नसली, तर ती कोणत्याही नोंदवहीतून परत आणता येत नाही.

या मताविरुद्धचा सर्वांत गंभीर आक्षेप सुरक्षिततेचा आहे आणि तो टाळून पुढे जाणे प्रामाणिकपणाचे होणार नाही. दातेरी रेल्वेच्या इतिहासात माणसे दगावली आहेत. वेल्समधील स्नोडन डोंगरी रेल्वे ६ एप्रिल १८९६ रोजी सुरू झाली आणि त्याच दिवशी तिचे पहिले इंजिन उतरताना दात्यांतून निसटले. चालक आणि फायरमन उड्या टाकून वाचले, इंजिन कड्यावरून खाली गेले. डबे इंजिनाला जखडलेले नव्हते, त्यांचे स्वतःचे ब्रेक लागले आणि ते थांबले. पण घाबरून उडी टाकलेला एक प्रवासी मरण पावला. डब्यातच बसून राहिलेले वाचले. त्यानंतर मार्ग वर्षभर बंद ठेवून दातेरी रुळाच्या दोन्ही बाजूंना धरून ठेवणारे पोलादी कोन बसवले गेले, म्हणजे दातेरी चाक वर उचललेच जाऊ नये. अमेरिकेतील माउंट वॉशिंग्टनवर १७ सप्टेंबर १९६७ रोजी उतरणारी गाडी एका सांध्यावर घसरली आणि आठ माणसे गेली. सांधा योग्य स्थितीत लावलेला नव्हता. या दोन्ही घटनांत बॉयलर फुटला नव्हता, वाफेने दगा दिला नव्हता. दोष पकडीचा होता, मार्गाचा होता, सांध्याचा होता. आणि असा दोष डिझेलच्या किंवा विजेच्या गाडीलाही तितकाच घातक ठरला असता. म्हणून ‘वाफ धोकादायक, म्हणून थांबवा’ हा निष्कर्ष या घटनांतून निघत नाही. दात्यांच्या रुळाची आणि सांध्यांची रोजची तपासणी हा मात्र निघतो.

तिसरी घटना वेगळी आहे आणि मला ती सर्वांत बोलकी वाटते. माउंट वॉशिंग्टनचे पहिले इंजिन १८६६ मध्ये बांधलेले होते. त्याचा उभा बॉयलर तिखट सॉसच्या बाटलीसारखा दिसे, म्हणून लोक त्याला पेपरसॅस म्हणत. शिखरापर्यंत रेल्वे नेण्याच्या सिल्वेस्टर मार्श यांच्या ज्या कल्पनेला लोकांनी वेडात काढले होते ती याच इंजिनाने खरी करून दाखवली आणि १८६९ मध्ये रेल्वे शिखरापर्यंत पोहोचली. पुढे नवी इंजिने आली, हे बाजूला पडले आणि प्रदर्शनांतून फिरले. सुमारे अर्धशतक ते कामावर नव्हते. मग त्याला डागडुजी करून घरी आणले गेले आणि २० जुलै १९२९ रोजी समारंभपूर्वक डोंगरावर चढवले गेले. ते चढले. उतरताना त्याच्या पुढच्या भागात मोडतोड झाली, दात्यांची पकड गेली आणि ते वेगाने खाली सुटले. त्यावरचे बाकीचे लोक उड्या टाकून वाचले. एक छायाचित्रकार मरण पावला. ज्या काळात त्याच डोंगरावर इतर वाफेची इंजिने रोज सुखरूप ये-जा करत होती, त्याच काळात हे घडले. रोज चालणाऱ्या यंत्राचा तडा रोज पाहणाऱ्या डोळ्यांना दिसतो. त्याचा आवाज बदलला तर शेडमधल्या माणसाला तो ऐकू येतो. पन्नास वर्षे उभ्या असलेल्या यंत्राबाबत अशी माणसे उरलेली नसतात, आणि त्याचा रंग चकचकीत असल्याने उलट फसगतच होते. एखाद्या रेल्वेचे व्यवस्थापन जेव्हा ‘इंजिन वर्षभर शेडमध्ये ठेवू, फक्त वर्धापनदिनाला बाहेर काढू’ असे म्हणते, तेव्हा त्याला तो सावधपणाचा मार्ग वाटत असतो. मला तो तसा वाटत नाही.

याला एक प्रतिउदाहरण आहे आणि ते माझे म्हणणे अधिक नेमके करते. युरोपातील पहिली डोंगरी दातेरी रेल्वे १८७१ मध्ये फित्सनाऊ ते रिगी या मार्गावर सुरू झाली. तिचे उभ्या बॉयलरचे सातव्या क्रमांकाचे इंजिन १८७३ मधले आहे आणि विंटरथुरच्या कारखान्याने बांधलेले ते पहिलेच इंजिन. ते ल्युत्सर्नच्या वाहतूक संग्रहालयात होते. रेल्वेच्या दीडशेव्या वर्षासाठी ते संग्रहालयातून बाहेर काढले गेले, दुरुस्त केले गेले आणि २०२१ मध्ये आपल्या डोंगरावर पुन्हा चालवले गेले. हाही उत्सवच होता. पण रिगीची गोष्ट वेगळी अशी, की मार्गाचे विद्युतीकरण १९३७ मध्ये झाल्यानंतरही त्या रेल्वेने १९२३ आणि १९२५ मधली दोन वाफेची इंजिने चालत्या स्थितीत राखली होती. बॉयलर धुणारे, नळ्या बदलणारे, उतारावर हवेचा ब्रेक धरणारे हात तिथे कामात होते. सातवे इंजिन अनोळखी माणसांच्या ताब्यात गेले नाही. संग्रहालयातले इंजिन सुरक्षितपणे डोंगरावर नेता यावे असे वाटत असेल, तर दुसरी दोन इंजिने दर हंगामात धावत असणे ही त्याची पूर्वअट आहे.

आता मूळ धातूच्या झिजेचा मुद्दा घेऊ. वारसा जपणाऱ्या अभ्यासकांचा हा आक्षेप मनापासूनचा असतो आणि दगडी शिल्पाबाबत तो बिनतोड आहे. परंतु दातेरी इंजिन पहिल्या दिवसापासून झिजण्यासाठीच बांधलेले असते. त्याच्या दातेरी चाकाचे दात झिजतात आणि चाक बदलावे लागते. बॉयलरच्या नळ्या ठरावीक काळाने काढून नव्या बसवाव्या लागतात. भट्टीच्या भिंतींना धरून ठेवणारे खिळे तुटतात आणि नवे ठोकावे लागतात. कधीतरी संपूर्ण बॉयलरच बदलतो. १९२० साली हे इंजिन चालवणाऱ्यांनीही हेच केले होते आणि त्यांच्या मनात ‘आता हे मूळ इंजिन राहिले का’ असा प्रश्न आला नसेल. जात्याला टाकी लावली म्हणून ते दुसरे जाते होत नाही. १९९४ मध्ये जपानमधील नारा येथे वारशाच्या अस्सलपणाविषयी जो दस्तऐवज तयार झाला, त्यानेही अस्सलपणा केवळ मूळ द्रव्यात न पाहता आकार, उपयोग, कार्य, परंपरा आणि तंत्र यांतही पाहिला आहे. त्या कसोटीवर, नवा बॉयलर घेऊन आपल्या डोंगरावर चढणारे इंजिन हे मूळ बॉयलरसह काचेआड उभ्या असलेल्या इंजिनापेक्षा कमी अस्सल ठरत नाही. एक पथ्य मात्र पाळलेच पाहिजे: काढलेला प्रत्येक महत्त्वाचा भाग मोजून, त्याचे आरेखन करून, शक्य तिथे तो जपून ठेवावा, आणि नवा भाग कधी, कशाचा, कोणत्या कारणाने बसवला याची नोंद इंजिनाबरोबर राहावी. एखाद्या प्रकारचे एकच इंजिन जगात उरले असेल आणि ते चालवायला त्याचा बहुतांश मूळ भाग काढून टाकावा लागत असेल, तर तिथे मी संग्रहालयाच्या बाजूने उभा राहीन. अशी उदाहरणे थोडी आहेत. बहुतेक डोंगरी मार्गांवर एकाच साच्याची चार-सहा इंजिने असतात आणि त्यांतले एक अस्पर्श ठेवून बाकीची चालवता येतात.

धुराचा आक्षेप मला पूर्ण मान्य आहे. माउंट वॉशिंग्टनच्या सुमारे पाच किलोमीटरच्या चढाईला वाफेचे इंजिन साधारण एक टन कोळसा आणि हजार गॅलन पाणी घेते. त्या मार्गावर २००८ पासून बायोडिझेलवर चालणारी इंजिने आली, आज बहुतेक फेऱ्या तीच करतात आणि वाफेच्या मोजक्या फेऱ्या उरल्या आहेत. मला ही वाटणी योग्य वाटते. ज्याला केवळ शिखर गाठायचे आहे त्याच्यासाठी टनभर कोळसा जाळण्याचे कारण नाही. त्याहून पुढचे पाऊल विंटरथुरच्या कारखान्याने १९९२ पासून टाकले: ब्रिएन्झ रोटहॉर्न आणि ऑस्ट्रियातील शाफबर्ग या रेल्वेंसाठी त्याने चक्क नवी वाफेची इंजिने बांधली. ती हलक्या तेलावर चालतात, त्यांचा बॉयलर उष्णता बाहेर जाऊ नये असा वेष्टित आहे आणि ती एकटा चालक चालवू शकतो. निलगिरीवरही कोळशाच्या जागी तेल जाळणारी इंजिने आली आणि ती तिरुचिरापल्लीजवळच्या गोल्डन रॉक कार्यशाळेत नव्याने बांधली गेली. कोळशाच्या वासाशिवाय वाफेचे इंजिन ते कसले, असे म्हणणारे हौशी लोक आहेत. त्यांच्या प्रेमाबद्दल मला शंका नाही, पण रुळाकाठी राहणाऱ्यांनी त्यांच्या आठवणींसाठी धूर का सोसावा, याचे उत्तर त्यांच्याजवळ नाही. कोळसा पेटवायची कला टिकावी म्हणून एखादे इंजिन कोळशावर ठेवावे, कोरड्या ऋतूत ठिणग्यांनी वणवा लागण्याची भीती असेल तेव्हा तेही थांबवावे.

गोल्डन रॉकचे उदाहरण मला एका वेगळ्या कारणासाठीही महत्त्वाचे वाटते. विंटरथुरमध्ये घडलेले यंत्र तमिळनाडूतल्या कारागिरांनी एकविसाव्या शतकात स्वतः घडवले, यात केवळ अभिमानाचा भाग नाही. जो कारखाना सिलिंडर ओतू शकतो, दातेरी चाक कातू शकतो आणि बॉयलर बांधून दाबाखाली तपासू शकतो, त्याच्याजवळ जुनी इंजिने पुढची पन्नास वर्षे चालवण्याचे सामर्थ्य आपोआप येते. सुटा भाग मिळत नाही ही तक्रार तिथे संपते. म्हणून वारशासाठी निधी मिळतो तेव्हा तो स्थानकांची रंगरंगोटी, जुन्या धाटणीचे दिवे आणि छायाचित्रांसाठीच्या कमानी यांवर आधी खर्च होतो, हे पाहून वाईट वाटते. कार्यशाळेतले एक चांगले यंत्र आणि दोन शिकाऊ कारागीर यांच्यावरचा खर्च प्रवाशाला दिसत नाही, उद्घाटनाच्या छायाचित्रात येत नाही, पण इंजिन त्याच्यावरच चालते.

हात आणि यंत्र यांचा संबंध तुटला की काय होते, हे व्हिएतनामच्या दा लात मार्गाने दाखवले आहे. तो मार्गही दात्यांचा होता. स्वित्झर्लंडच्या फुर्का मार्गावर विजेची इंजिने आल्यावर तिथली काही वाफेची इंजिने १९४७ मध्ये या मार्गासाठी विकली गेली. पुढे युद्धात दा लातचा मार्ग बंद पडला, युद्धानंतर त्याचे रूळ उखडून मुख्य मार्गाच्या दुरुस्तीला वापरले गेले आणि इंजिने शेडमध्ये गंजत राहिली. इकडे फुर्काखालून बोगदा झाला आणि १९८२ मध्ये वरचा जुना घाटमार्ग निरुपयोगी ठरला. तो मोडीत काढला जाऊ नये म्हणून स्वयंसेवक एकत्र आले. त्यांनी १९९० मध्ये व्हिएतनामहून इंजिने परत आणली, ती दुरुस्त केली, १९९२ पासून मार्गाचा एकेक टप्पा उघडत नेला आणि २०१० मध्ये रेआल्प ते ओबरवाल्ड हा संपूर्ण मार्ग पुन्हा सुरू केला. या कथेचा आनंद मला अर्धाच घेता येतो. फुर्काला जे परत मिळाले ते दा लातने कायमचे गमावले. ज्या डोंगरावर ती इंजिने वर्षानुवर्षे राबली तिथे आज दात्यांचा रूळ नाही. युद्धाने होरपळलेल्या देशाला त्याचा दोष देता येणार नाही. पण ज्यांच्यावर असे संकट नाही, अशा रेल्वेंनी केवळ हिशेबाच्या एका वाईट वर्षामुळे इंजिने विकावीत किंवा भंगारात काढावीत, याला दा लातसारखे कारण नाही.

फुर्काच्या स्वयंसेवकांच्या कामातला एक तपशील मला नेहमी आठवतो. त्या मार्गावरच्या श्टेफेनबाख ओढ्यावर हिमकडे कोसळतात आणि कोणताही कायमचा पूल तिथे टिकत नाही. म्हणून १९२५ मध्ये तिथे घडीचा पोलादी पूल बांधला गेला. दर शरद ऋतूत माणसे तो दुमडून दोन्ही काठांकडे ओढून घेतात आणि बर्फ वितळला की पुन्हा उभारतात. हे काम कोणी एकदा करून मोकळे होत नाही. वाफेचे इंजिन चालवणेही याच जातीचे काम आहे: हंगाम संपला की बॉयलर रिकामा करायचा, गाळ धुवायचा, नळ्या तपासायच्या, दात मोजायचे, आणि पुढच्या हंगामाआधी पाण्याच्या दाबाखाली सारे पुन्हा पारखायचे. ज्या संस्थेला हा वार्षिक फेरा झेपत नाही तिने इंजिन चालवू नये, असे मी म्हणेन. पण झेपत नाही असे ठरवण्याआधी तिने हिशेब नीट मांडावा. पुष्कळदा वाफेच्या फेरीवर संपूर्ण कार्यशाळेचा खर्च टाकला जातो आणि त्या फेरीमुळे इतर गाड्यांना येणारे प्रवासी मात्र तिच्या नावावर धरले जात नाहीत.

तिकिटाविषयी एक सांगायला हवे. वाफेची फेरी महाग असणे अपरिहार्य आहे आणि हौसेने येणाऱ्याने तिचा खर्च उचलावा यात अन्याय नाही. मात्र जिथे डोंगरी रेल्वे ही अजूनही तिथल्या लोकांच्या ये-जा करण्याचे साधन आहे, तिथे त्यांच्या वेळापत्रकातली जागा काढून घेऊन ती वाफेच्या फेरीला देऊ नये. निलगिरीवर कुन्नूरच्या पुढे, जिथे दात्यांचा रूळ संपतो, तिथे डिझेलचे इंजिन गाडी नेते आणि वाफेचे इंजिन कल्लारच्या चढासाठी राखलेले असते. एकाच प्रवासात दोन्ही आपापले काम करतात. ही विभागणी सोयीतून झाली असेल, पण इतर रेल्वेंनी मुद्दाम अभ्यासावी अशी आहे.

आणि शेवटी माणसांचा प्रश्न राहतो, जो बहुतेक अहवालांत परिशिष्टात टाकलेला असतो. वाफेचे इंजिन चालू ठेवायचे की नाही, याचा निर्णय घेताना समित्या इंजिने मोजतात, त्यांची वये लिहितात, बॉयलरची जाडी तपासतात. हे सारे हवेच. पण पाणी दाखवणाऱ्या काचेच्या नळीतले पाणी किती हलते हे पाहून बॉयलरमधल्या पाण्याचा अंदाज घेणारे, धुराच्या रंगावरून आग ओळखणारे, भरलेली गाडी हवेच्या ब्रेकवर खाली आणणारे किती जण आज कामावर आहेत, त्यांतल्या प्रत्येकाच्या निवृत्तीला किती वर्षे उरली आहेत आणि त्यांच्या शेजारी कोणी शिकाऊ उभा आहे का, हे तक्ते अहवालाच्या पहिल्या पानावर यायला हवेत. फायरमनपासून सुरुवात करून उतारावर एकट्याने गाडी आणण्याइतका चालक तयार व्हायला अनेक हंगाम जातात. म्हणजे जो चालक तीन वर्षांनी निवृत्त होणार आहे, त्याच्या जागेसाठीचा शिकाऊ आज नेमावा लागतो, त्याचा पगार या वर्षीच्या अंदाजपत्रकात दाखवावा लागतो, आणि तो शिकू शकेल इतक्या तरी वाफेच्या फेऱ्या या वर्षीच्या वेळापत्रकात ठेवाव्या लागतात.